भिंत बांधली ती भाविकांनी

अमेरिकेत धर्म आणि राजकारण यांचा वाद सुरू झाला की दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकतात. चर्च आणि शासन यांच्यामधली भिंत धर्माविषयी उदासीन असलेल्यांनी, किंवा धर्म नकोसा झालेल्यांनी उभारली, ही ती गोष्ट. भिंत ज्यांना हवी आहे ते तिच्यासाठी थॉमस जेफर्सनसारख्या बुद्धिवाद्याचे आभार मानतात. ज्यांना ती पाडायची आहे ते त्याच जेफर्सनला आणि विसाव्या शतकातल्या न्यायाधीशांना बोल लावतात. कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. त्या भिंतीचे दगड वाहिले ते कडव्या श्रद्धेच्या, शेती करून प्रवचने देणाऱ्या, फारसे न शिकलेल्या बाप्टिस्ट लोकांनी, आणि ते वाहिले राज्याच्या हातातून धर्म सोडवण्यासाठी. आज त्याच परंपरेतला सर्वांत मोठा पंथ, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, भिंत खिळखिळी करू पाहणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत आहे. आपण पूर्वजांच्या श्रद्धेकडे परत चाललो आहोत, असे त्याच्या पुढाऱ्यांना वाटते. माझ्या मते ती त्या पूर्वजांशी केलेली फारकत आहे, आणि तिची किंमत श्रद्धेलाच मोजावी लागते आहे.

सुरुवात मॅसॅच्युसेट्सपासून करायला हवी. इंग्लंडच्या राजमान्य चर्चला कंटाळून आलेल्या प्युरिटन लोकांनी इथे आपले स्वतःचे राजमान्य चर्च उभे केले. गावोगावच्या या काँग्रिगेशनल चर्चच्या पाळकाचा पगार करातून निघे आणि मतभेद असणाऱ्यांना शिक्षा होई. रॉजर विल्यम्सला १६३५ साली हद्दपारीची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. चर्चची बाग आणि जगाचे रान यांच्यामध्ये भिंत हवी, ती पडली की रान बागेत शिरते, ही कल्पना त्याने १६४४ साली मांडली, म्हणजे जेफर्सनच्या जन्माच्या ९९ वर्षे आधी. १६५१ साली ओबाडाया होम्स या बाप्टिस्टाला बोस्टनमध्ये ३० फटके मारले गेले. बाप्टिस्टांचा गुन्हा त्यांच्या मूळ श्रद्धेतच होता. समजून-उमजून विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, तान्ह्या मुलाला नाही, असे ते मानत. ही गोष्ट वरवर विधीची वाटते, पण तिचा परिणाम दूरवर जातो. माणूस जन्माने ख्रिस्ती होत नसेल, तर राज्यही जन्माने ख्रिस्ती होऊ शकत नाही. आणि श्रद्धा आतूनच उमलायची असेल, तर दंडाधिकाऱ्याच्या काठीला तिथे काही काम उरत नाही.

ॲशफील्डचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरातल्या या नव्या वसाहतीत बाप्टिस्टांची मंडळी आधी स्थापन झाली होती, काँग्रिगेशनल मंडळी नंतर. तरी १७६८च्या कायद्याने गावातल्या सगळ्या जमिनीवर काँग्रिगेशनल पाळकाच्या पगारासाठी आणि प्रार्थनागृहासाठी कर बसवला गेला. बाप्टिस्टांनी तो भरला नाही. १७७० साली त्यांची सुमारे ४०० एकर जमीन लिलावात काढली गेली. तिच्यात लोकांच्या फळबागा होत्या, राहते घर होते, आणि त्यांची दफनभूमीही होती. शेवटी त्यांना न्याय मिळाला तो लंडनहून. १७७१ साली राजाने तो कायदा रद्द केला. बोस्टनमधले पुढारी त्याच काळात, आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर लादू नका, म्हणून इंग्लंडविरुद्ध गर्जत होते. आयझॅक बॅकस या बाप्टिस्ट पाळकाने नेमके हेच त्यांच्या पदरात घातले. त्याच्या विधवा आईला चर्चचा कर भरला नाही म्हणून १७५२ साली कनेक्टिकटमध्ये तुरुंगात टाकले होते. १७७३ साली त्याने धर्मस्वातंत्र्यासाठी जाहीर आवाहन छापले आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात जमलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींपुढे गाऱ्हाणे मांडले. आम्ही ही व्यवस्था सोडू अशी आशा धरण्यापेक्षा सूर्यमालेत बदल होण्याची वाट पाहा, अशा अर्थाचे उत्तर जॉन ॲडम्सने दिल्याचे बॅकसने नोंदवून ठेवले आहे.

व्हर्जिनियात राजमान्य चर्च अँग्लिकन होते आणि तिथे विनापरवाना प्रवचन देणाऱ्या बाप्टिस्टांना थेट कोठडीत घालत. कल्पेपरच्या तुरुंगातून जेम्स आयर्लंड खिडकीच्या गजांआडून बाहेर जमलेल्यांना शुभवर्तमान सांगत राहिला. शेजारच्या परगण्यात पाच-सहा सज्जन माणसे केवळ आपली धर्ममते जाहीरपणे सांगितल्यावरून तुरुंगात आहेत, म्हणून तरुण जेम्स मॅडिसनने १७७४च्या जानेवारीत मित्राला पत्रातून आपला संताप कळवला होता. १७८४ साली पॅट्रिक हेन्रीने एक उदार वाटणारा तोडगा पुढे केला: ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर सर्वांनी भरावा, पण आपला पैसा कोणत्या पंथाला जावा हे ज्याचे त्याने ठरवावे. बाप्टिस्टांना यातून आयता पैसा मिळणार होता, आणि त्यांनी तो नाकारला. या कराविरुद्ध मॅडिसनने लिहिलेल्या प्रसिद्ध निवेदनावर सुमारे १,५०० सह्या झाल्या. हा कर शुभवर्तमानाच्या आत्म्याविरुद्ध आहे असे सांगणाऱ्या दुसऱ्या एका अर्जावर त्याच्या तिपटीहून अधिक. आठ-नऊ वर्षे पडून असलेला जेफर्सनचा धर्मस्वातंत्र्याचा मसुदा जानेवारी १७८६ मध्ये कायदा झाला, तो या अर्जांच्या रेट्यामुळे. मसुदा एका बुद्धिवाद्याने लिहिला, हे खरे. पण त्याला बहुमत मिळवून दिले ते प्रार्थनासभांना जाणाऱ्यांनी.

जेफर्सनच्या ज्या पत्रावरून एवढा वाद होतो, तेही एका बाप्टिस्ट अर्जाचे उत्तर आहे. कनेक्टिकटमध्ये तेव्हा अजून काँग्रिगेशनल चर्चच राजमान्य होते. आपले धर्मस्वातंत्र्य हक्क म्हणून नव्हे तर मेहेरबानी म्हणून मिळते, अशी तिथल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांची तक्रार होती. १ जानेवारी १८०२ रोजी जेफर्सनने त्यांना लिहिलेल्या उत्तरात भिंतीचा उल्लेख आला. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या चेशर गावाहून पाळक जॉन लेलंड १,२३५ पौंड वजनाचे चीज घेऊन राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या दारात हजर झाला. गावच्या बायकांनी दह्याचे घट्ट गोळे आणून दिले होते, एवढे मोठे चीज दाबायला सफरचंदाचा रस काढायचा घाणा वापरला होता आणि यात एकाही गुलामाचे श्रम नाहीत, असे सोबतच्या मानपत्रात लिहिले होते. लेलंड व्हर्जिनियात चौदा वर्षे फिरून प्रचार केलेला माणूस. चर्चला सरकारी पैसा नको, आणि ज्यू असो, मुसलमान असो की नास्तिक, कुणाच्याही नागरिक हक्काला धर्माची अट नको, हे तो मोकळेपणाने सांगे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. ते एक खासगी उत्तर, त्याला राज्यघटनेचे मोल कसे? शिवाय दोनच दिवसांनी, ३ जानेवारीला, लेलंडने प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात प्रवचन दिले आणि जेफर्सन ते ऐकायला जातीने गेला. मग भिंत कुठे राहिली? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष तेवढा चुकतो. सार्वजनिक ठिकाणी देवाचे नाव निघू नये, असे या माणसांचे म्हणणे कधीच नव्हते. त्यांना राज्याच्या दोन गोष्टी चर्चपासून दूर ठेवायच्या होत्या, त्याची तिजोरी आणि त्याची काठी. लेलंडने सभागृहात प्रवचन दिले, पण त्यासाठी कुणाची जमीन लिलावात निघाली नाही आणि ऐकायला कुणाला धरून आणले नाही. एवढी साधी कसोटी हाती धरली की पुढच्या दोन शतकांतल्या बऱ्याच गुंत्यांचा उलगडा होतो.

राज्याला धर्मापासून दूर ठेवणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचे बंधन सुरुवातीला फक्त केंद्रसत्तेवर होते, त्यामुळे राज्यांतली राजमान्य चर्चे एकेक करून गेली: कनेक्टिकटचे १८१८ साली, मॅसॅच्युसेट्सचे अगदी शेवटी, १८३३ साली. आपल्याकडच्या इतिहासाचा एक धागा इथे जुळतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले तेव्हा त्यांचे काँग्रिगेशनल चर्च मायदेशी करावर चालत होते. पण त्यांना पाठवणारे १८१० साली स्थापन झालेले अमेरिकन बोर्ड चालत होते स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांवर. अहमदनगरच्या शाळा आणि १८४२ साली सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ हे त्या स्वेच्छेचेच फळ. कनेक्टिकटमध्ये राजाश्रय सुटला तेव्हा लायमन बीचर या नामांकित पाळकाला सर्वस्व बुडाल्यासारखे वाटले होते. आपल्या राज्याचे याहून भले दुसरे कशाने झाले नसते, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले, कारण चर्चला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले. १८३१ साली अमेरिकेत आलेल्या तॉकव्हिल या फ्रेंच विचारवंताला या देशात धर्माचा एवढा प्रभाव का, असा प्रश्न पडला. त्याने निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंना विचारले आणि सर्वांनी एकच कारण दिले: चर्च आणि राज्य वेगळे आहेत.

सर्वांत गंभीर आक्षेप गुलामगिरीच्या बाजूने येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. चर्चने राजकारणात पडू नये हे म्हणणे गुलामांच्या मालकांना फार सोयीचे होते. जेम्स हेन्ली थॉर्नवेलसारखे दक्षिणेतले प्रेस्बिटेरियन धर्मपंडित, गुलामगिरी ही नागरी व्यवस्था आहे, तिच्यावर चर्चने बोलू नये, असे शिकवत. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनचा जन्मच १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे झाला तो गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमावे की नाही या भांडणातून. या पापाची जाहीर कबुली द्यायला त्याला १९९५ साल उजाडले. उलट बाजूला गुलामगिरीविरुद्ध उठलेल्या अनेकांची प्रेरणा उघडपणे ख्रिस्ती होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले ते त्याच लढ्याची आठवण ठेवून. मार्टिन ल्यूथर किंग तर बाप्टिस्ट पाळकच होते आणि त्यांची १९५७ सालची संघटना नावासकट ख्रिस्ती होती. मग भिंतीचा आग्रह धरणाऱ्याने किंगना काय सांगायचे? घरी बसा? मुळीच नाही. किंग राज्याकडे गेले ते सर्वांना लागू होणारा न्याय मागायला. माझ्या पंथाला पगार द्या, माझी प्रार्थना तुमच्या शाळेत सक्तीची करा, अशी मागणी त्यांनी केली नाही. काठी त्यांच्यावर चालत होती, त्यांच्या हातात नव्हती. थॉर्नवेलची चूक भिंत मानण्याची नव्हती. त्याने भिंतीच्या आड सद्सद्विवेकच कोंडून ठेवला, आणि तसे करताना गुलामांना पकडून आणणारी राज्याची काठी मात्र बिनतक्रार चालू दिली.

भिंत बांधणाऱ्यांचे वारस ती पाडायला कसे निघाले ते डॅलसच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चच्या एकाच व्यासपीठावर दिसते. तिथले पाळक जॉर्ज ट्रुएट १६ मे १९२० रोजी वॉशिंग्टनला संसदभवनाच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर उभे राहिले. समोर हजारोंचा जमाव होता, पंथाच्या वार्षिक सभेचे प्रतिनिधी होते. धर्मस्वातंत्र्य ही बाप्टिस्टांनी जगाला दिलेली देणगी आहे, सहिष्णुता ही मेहेरबानी असते आणि स्वातंत्र्य हा हक्क, सम्राट कॉन्स्टंटाइनने चर्चला राज्याशी जोडले तेव्हापासून चर्चची वाट चुकली, असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यांच्यानंतर १९४४ साली डब्ल्यू. ए. क्रिसवेल आले. १९५६ साली त्यांनी साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळापुढे वर्णभेदाची पाठराखण केली. ती भूमिका त्यांनी १९६८ साली सोडली. १९६० साली कॅथलिक केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले तर चर्च आणि राज्य यांची फारकत धोक्यात येईल, असे प्रवचन क्रिसवेल यांनी दिले आणि ते छापून देशभर वाटले गेले. त्या सप्टेंबरात ह्यूस्टनला पाळकांच्या सभेत केनेडींनी या आरोपाला उत्तर देताना व्हर्जिनियात बाप्टिस्ट प्रचारकांचा झालेला छळच पुढे केला, आणि जेफर्सनचा कायदा त्यातूनच आला याची आठवण दिली. एक कॅथलिक उमेदवार बाप्टिस्टांना त्यांचा इतिहास सांगत होता!

नंतरची घसरण झपाट्याने झाली. १९७६ साली जेराल्ड फोर्ड रविवारी डॅलसच्या या चर्चमध्ये उपासनेला आले तेव्हा क्रिसवेल यांनी त्यांना उघड पाठिंबा दिला. त्यांच्यासमोरचा उमेदवार जिमी कार्टर हा रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारा सदर्न बाप्टिस्ट होता. १९८० साली डॅलसमध्येच भरलेल्या मोठ्या मेळाव्यात रेगन पाळकांना म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही, पण मी तुम्हाला देतो. १९८४ साली क्रिसवेल यांनी रिपब्लिकन अधिवेशनात प्रार्थना केली, आणि चर्च व राज्य यांची फारकत म्हणजे कुणा अश्रद्धाच्या डोक्यातून निघालेले खूळ आहे, असे दूरचित्रवाणीवर सांगितले. ट्रुएट यांनी जिला बाप्टिस्टांचे सर्वांत मोठे दान म्हटले होते, ती गोष्ट त्यांच्या वारसाने साठ-पासष्ट वर्षांत अश्रद्धांच्या खाती टाकली. १ जुलै २०१७ रोजी वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये याच चर्चच्या गायकवृंदाने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यासमोर त्यांच्या प्रचाराच्या घोषणेवर रचलेले गीत गायले. देवाच्या स्तुतीसाठी तयार झालेले गळे एका माणसाच्या निवडणूक-घोषणेसाठी लावले गेले, हे मला त्या काळातले सर्वांत दुःखद दृश्य वाटते.

हे का झाले यावर इतिहासकारांत एकमत नाही. शाळांतल्या सरकारी प्रार्थना न्यायालयाने १९६२-६३ साली थांबवल्या, १९७३ साली गर्भपाताचा निकाल आला, वर्णभेद पाळणाऱ्या खासगी शाळांची करसवलत त्याच दशकात काढून घेतली जाऊ लागली. कुणी एका कारणावर भर देतो, कुणी दुसऱ्यावर. एवढे मात्र नक्की की सदर्न बाप्टिस्ट पंथाची त्या वेळची भूमिका आजच्यासारखी नव्हती. १९७१ साली सेंट लुईसच्या अधिवेशनाने बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला मुभा देणारा कायदा असावा, असा ठराव केला होता. शाळेतल्या प्रार्थनेसाठी घटनादुरुस्ती करण्याला पंथाने १९६४ साली विरोध केला; १९८२ साली तिलाच पाठिंबा दिला. पाळक जेरी फॉलवेल यांनी १९६५ साली किंग यांच्या मोर्च्यांत उतरणाऱ्या पाळकांना, आपले काम आत्मे वाचवण्याचे आहे, असे सुनावले होते. १९७९ साली त्यांनीच मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना उभी केली. नैतिक मत बदलण्याचा अधिकार कुणालाही आहे. प्रश्न तेवढाच नाही. मत बदलताना सत्तेचा एक पक्ष कायमचा जोडीदार झाला, आणि मग त्या पक्षाच्या पापांबद्दल बोलायला तोंड उरले नाही.

यावर भाविकांचे उत्तर असे की राज्य आता पूर्वीचे राहिलेले नाही. ते शाळा चालवते, दवाखाने चालवते, घरात शिरते, आणि अनेकदा श्रद्धेशी वैराने वागते. मग हातात सत्ता घेतल्याशिवाय आम्ही वाचणार कसे? ही भीती पोकळ नाही. पण संरक्षणाचे हत्यार त्याच पहिल्या दुरुस्तीत आहे. १९४३ साली, ऐन युद्धात, यहोवाच्या साक्षीदारांच्या मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. हा पंथ लहान होता, लोकांना नकोसा होता, त्याच्याकडे ना आमदार होते ना मतपेढी. त्याला वाचवले भिंतीनेच.

आता किमतीकडे पाहू. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २००७ साली ७८ टक्के प्रौढ अमेरिकन स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. कोणताच धर्म न सांगणारे १६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. सदर्न बाप्टिस्टांची संख्या २००६ साली १ कोटी ६० लाखांच्या वर होती, आता ती १ कोटी ३० लाखांच्या खाली आहे. सगळा दोष राजकारणाच्या माथी मारता येणार नाही. युरोपात असली युती नसतानाही चर्चे रिकामी झाली; अमेरिकेतली ही घसरण अलीकडे थोडी थबकल्याचेही त्याच पाहणीत दिसते. तरीही मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ सालीच एक खूण टिपली होती: धर्माचे लेबल टाकणारे बहुतेक मध्यममार्गी वा उदारमतवादी होते, आणि त्यांतल्या अनेकांची देवावरची श्रद्धा शाबूत होती. त्यांनी सोडला तो चर्चशी चिकटलेला पक्ष. दुसरी खूण मतपेटीतली. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही वेळी गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिले, तर तेच बायबल वाचणाऱ्या, बहुतांशी बाप्टिस्टच असलेल्या कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांनी तितक्याच किंवा त्याहून मोठ्या प्रमाणात विरुद्ध बाजूला. मत जर श्रद्धेतून येत असते तर रंगाप्रमाणे असे दुभंगले नसते.

तरीही राज्याच्या काठीचा मोह सुटलेला नाही. जून २०२४ मध्ये लुइझियाना राज्याने प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. फलक किमान ११ इंच बाय १४ इंच हवा, अक्षरे मोठी आणि सहज वाचता येतील अशी हवीत, आणि मजकूर कायद्यात दिला आहे तोच हवा. खरी मेख या शेवटच्या अटीत आहे. ज्यू, कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट आज्ञांची विभागणी आणि क्रम वेगवेगळा लावतात; कायद्यातला मजकूर किंग जेम्स बायबलच्या प्रोटेस्टंट वळणाचा आहे. शाळेत कोणाचे बायबल वाचायचे या वादातून १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली पेटल्या होत्या, दोन कॅथलिक चर्चे जळाली होती आणि माणसे मेली होती. १९८० साली केंटकीचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तरी लुइझियानाच्या विधिमंडळाने पुन्हा सीनायच्या आज्ञांचे संपादन हाती घेतले. या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या पालकांत ज्यू आहेत, कोणताच धर्म न मानणारे आहेत, आणि ख्रिस्ती पाळकही आहेत. पवित्र शास्त्रातला कोणता पाठ खरा, तो आमच्या लेकरांना कधी आणि कोणत्या अर्थाने शिकवायचा, हे ठरवण्याचा अधिकार आईबापांचा आणि मंडळीचा आहे, आमदारांचा नाही, ही त्यांची तक्रार आहे.